सात नंबरची पट्टी

७ जानेवारी

हिने माझं नाव घातलं! मला न विचारता! अंधांच्या क्लबात, आणि तेही खेळायला. वय त्रेपन्न, पोट माझ्यापुढे चार बोटं चालतं, गुडघे जिना चढताना कुरकुरतात. आणि आता मी खेळाडू.

"घरात बसून बसून कुजाल," म्हणाली. तीस वर्षं दुकानात बसून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, तेव्हा नाही कुजलो. तेव्हा त्या बसण्याला काम म्हणत.

दुकान आता ही बघते. सेल बदलणं, पट्टे घालणं. मी मागच्या स्टुलावर. गिऱ्हाईक मला बघितलं की हिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतं. हिला काय झालंय कोण जाणे!

ही वही चित्रकलेची आहे, लहान मुलांची. जाड काळा मार्कर, एका पानावर पाच-सहा ओळी. पान डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात धरलं की अक्षर दिसतं. तेवढाच कोपरा उरलाय. डॉक्टर म्हणतात, किल्लीच्या भोकाएवढी नजर आहे. किती दिवस राहील, विचारलं. "राहील तोवर राहील," म्हणाले. एवढं सांगायला भिंतीवर तीन पदव्या.

१० जानेवारी

जाऊन आलो. खेळाचं नाव गोलबॉल. दोन्हीकडे तीन-तीन माणसं. चेंडूच्या पोटात घुंगरू. समोरचा चेंडू जमिनीवरून सरपटत फेकतो, आपण आवाजाच्या दिशेने आडवं पडून अंगावर घ्यायचा. वजन सव्वा किलो. अडवला तर मार, सुटला तर बोलणी. संसारापेक्षा बरं म्हणायचं — इथे येणाऱ्या माराला निदान घुंगरू बांधलेले असतात.

रेषा पायाला कळतात. खाली सुतळी, वर चिकटपट्टी.

आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी! ज्याला काहीच दिसत नाही त्याच्याही. थोडं दिसणारा आणि मुळीच न दिसणारा, दोघांना सारखाच अंधार. "इथे सगळे समान!" असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि शिट्टी फुंकली. पूर्वी शाळेत कवायत घ्यायच्या. वाक्य संपलं की पूर्णविरामाऐवजी शिट्टी. मी मनातल्या मनात बारसं करून टाकलं — शिट्टीबाई.

मंडळी तीनच. एक वकीलसाहेब — अपघातात डोळे गेले, जीभ शाबूत. एक संगीतमास्तर — चेंडूतला घुंगरू कुठल्या सुरात आहे ते लगेच सांगतात, कुठून येतोय ते मात्र कधीच सांगता येत नाही. आणि मालिशवाला. इस्पितळात लोकांची अंगं सरळ करतो. जन्मापासून आंधळा, वय अडतीस. अकरा वर्षं मधे उभा राहतो. या खेळात मधला म्हणजे घराचा कर्ता. निम्मे चेंडू तोच अडवतो आणि बाकीच्यांना हाका मारून जागेवर ठेवतो.

चौथा मी. समोरून बाई फेकत होत्या, मी तासभर आडवा पडलो. एकही चेंडू अंगाला लागला नाही. एकदा स्वतःच्याच गोलात पडलो.

१७ जानेवारी

अंग ठणकतंय. ही म्हणते, चेहऱ्यावर तेज आलंय. सूज आहे ती.

२४ जानेवारी

आज पट्टी बदलून मिळाली. सात नंबरची. नाकापाशी तिचा स्पंज फाटलाय. करंगळीचं नख जाईल एवढी फट.

मी काही मुद्दाम केलं नाही. मान मागे गेली, जराशी उजवीकडे वळली — आणि डाव्या डोळ्याच्या त्या कोपऱ्यात, फटीतून, जमीन. जमिनीवर निळं काहीतरी आलं. मी आडवा पडलो. चेंडू पोटावर! सगळे ओरडले.

परत आलं निळं. परत अडवलं.

तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून शेंगदाण्याएवढ्या भोकातून जग बघितलंय. फटीतून बघायचं मला कोणी शिकवायला नको.

पुढच्या वेळी सांगून टाकीन. पट्टी फाटकी आहे म्हणून.

३१ जानेवारी

सांगितलं नाही. आज नऊ अडवले.

शिट्टीबाईंनी सगळ्यांना गोल बसवून माझ्यावर भाषण केलं. नजर गेली की कान कसे तिखट होतात, त्याचं जिवंत उदाहरण म्हणे आपल्यात बसलंय. पाच मिनिटं बोलल्या. शिट्टी चौदा वेळा. मी मान खाली घालून ऐकलं. सगळ्यांना तो विनय वाटला असणार. म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना — बाईंना एकट्यांना.

संगीतमास्तरांनी आनंदाने आपली जागा मला दिली. कंबर दुखते म्हणाले. बाकावर बसून ते आता गुणगुणत असतात.

७ फेब्रुवारी

शनिवारी खेळ संपला की मालिशवाला सगळ्यांच्या माना-खांदे मोकळे करतो. आपखुशीने. आज माझ्या मानेवर अंगठा ठेवला आणि थांबला. "काका, इथे डावीकडे मोठी गाठ आहे," म्हणाला. म्हटलं, भिंग लावून लावून झाली असेल, जुनी आहे. "असेल," म्हणाला आणि असा दाबला की डोळ्यांपुढे तारे चमकले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी लख्ख दिसलं!

१४ फेब्रुवारी

वाईट झालं. बाईंनी मला मधे घातलं आणि मालिशवाल्याला उजवीकडे सरकवलं.

मार्चअखेर स्पर्धा आहे. मोठ्या संघासाठी माणसं निवडणारे तिथे येणार आहेत, आणि त्यांना या वेळी नेमका मधला हवाय. वकीलसाहेबांनी येताना सांगितलं — मालिशवाल्याचं नाव दोनदा अगदी शेवटच्या यादीत जाऊन कापलं गेलं. पुढच्या वर्षी चाळिशीच्या तोंडावर त्याला कोण घेणार? ही शेवटची खेप.

 तो पायाने सुतळी चाचपत उजवीकडे गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या कोपऱ्यात उभा राहिला असेल. दोनदा सवयीने मधे सरकला आणि माझ्यावर आदळला. "चुकलं काका," म्हणाला. मला म्हणाला, चुकलं!

लाज वाटली. फार लाज वाटली. आणि तरी पुढचा चेंडू आला तेव्हा मान मागे गेलीच.

१५ फेब्रुवारी

हिला सांगावं का? नको. ही सरळ जाऊन बाईंना सांगेल. दुकानात कोणी चुकून जास्त पैसे दिले तर रस्त्यावर पळत जाते ती.

२१ फेब्रुवारी

तो आला माझ्याकडे! खेळ संपल्यावर, कोणी नसताना. म्हणाला, "काका, तुम्ही ऐकता कसं ते मला शिकवाल? मी जन्मभर ऐकतोय, पण तुमच्याइतक्या लवकर मला कळत नाही."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काहीतरी बोलणं भाग होतं. तोंडाला आलं ते सांगितलं. म्हटलं, घड्याळ बिघडलं की आम्ही टिकटिक ऐकत नाही. दोन टिकांच्या मधली शांतता ऐकतो. ती सारखी आहे का, आखूड होतेय का. तसंच चेंडूचं. घुंगरू ऐकूच नकोस, दोन घुंगरांमधली जागा ऐक. जागा आखूड झाली की चेंडू जवळ.

त्याने बोटाने जमिनीवर दोनदा टकटक करून बघितलं. मग म्हणाला, "हे कोणी सांगितलंच नव्हतं." माझा हात धरून हलवला. त्याच्या हाताला तेलाचा वास.

घड्याळाचं खरं आहे. बाकी निव्वळ थाप.

२३ फेब्रुवारी

मालिशवाला बायकोकडून घरी चेंडू लोळवून घेतो म्हणे. रोज शंभर वेळा. खालच्या मजल्यावरचे भांडायला आले. सगळं माझ्या थापेसाठी!

२६ फेब्रुवारी

मार्कर वाळला वाटतं. अक्षर फिकं येतंय. हिला नवा आणायला सांगितलं.

२८ फेब्रुवारी

नवा मार्कर. नवा आहे ते हातात घेतल्यावरच कळतं, वासाने. छान ठळक आहे. निदान कालच्यापेक्षा.

खेळ बरा झाला. पण हॉलमधले दिवे मंद झालेत. फटीतून निळं नीट दिसलं नाही, नुसतं काहीतरी काळपट हललं. शिपायाला सांगितलं, दिव्यांकडे बघा जरा. तो म्हणाला, "तुम्हा लोकांना दिवे कशाला हवेत?" मी म्हटलं, बाईंना लागतात ना! किती काळजी मला बाईंची.

७ मार्च

शिपायाने ट्यूब बदलल्या. सहाच्या सहा. हल्ली मालच असला येतो, नव्या ट्यूबचाही उजेड पडत नाही.

आज आठ अडवले. फटीतून फारसं काही मिळालं नाही, निम्मे अंदाजानेच. नशीब जोरावर आहे.

मालिशवाल्याने दहा अडवले! उजव्या कोपऱ्यातून! बाईंची शिट्टी क्षणभर तोंडातच राहिली. "काकांची युक्ती," एवढंच म्हणाला तो. बाईंनी पुन्हा माझ्यावर भाषण केलं.

११ मार्च

हाही मार्कर गेला! पंधरवडा नाही टिकला. दुकानदार हिला फसवतोय. म्हटलं, जाऊन बदलून आण, सोडू नकोस त्याला. "आणते," म्हणाली. एरवी असल्या कामाला ही चार प्रश्न विचारते. आज एक नाही. लगेच चप्पल घातली.

आणला बदलून. हा बरा वाटतोय. ओळ सरळ यावी म्हणून आता खाली पुठ्ठ्याची पट्टी धरतो. वय झालं, हात हलतो.

१४ मार्च

सकाळी चहाचा कप टेबलावर नव्हता. हिने जागा बदलली. होता, म्हणाली, तुमच्या समोरच होता. वाद घातला नाही.

संध्याकाळी सात अडवले.

१८ मार्च

मेलो!

बाईंनी स्पर्धेचे नियम वाचून दाखवले. तिथे क्लबाच्या पट्ट्या चालत नाहीत. पंच आधी दोन्ही डोळ्यांवर कापसाच्या चकत्या चिकटवणार, त्यावर त्यांची स्वतःची पट्टी, आणि ती बोटाने चाचपून बघणार. खेळताना पट्टीला नुसता हात लागला तरी दंड. मग समोरच्याने फेकायचं आणि चुकणाऱ्याने सगळा गोल एकट्याने अडवायचा.

बाकीच्यांना काय! मास्तर म्हणाले, कापूस मऊ असतो ना? वकीलसाहेबांनी नियमात दोन चुका काढल्या. मी पाणी प्यायला उठलो आणि दाराऐवजी भिंतीकडे गेलो.

निवडणाऱ्यांच्या देखत मधे मी उभा राहणार आणि चेंडूमागून चेंडू माझ्या कुशीतून आत जाणार. भाषणाला उदाहरण तयारच आहे. आणि ज्याने तिथे उभं राहायला हवं तो कोपऱ्यात.

भीती वाटते. वहीला खोटं कशाला सांगू — त्याच्या जागेपेक्षा माझ्या अब्रूची जास्त वाटते.

२० मार्च

गुडघा दुखतोय असं जाहीर केलं. हिने शेक दिला. नेमका न दुखणाऱ्या गुडघ्याला.

२१ मार्च

बाई म्हणाल्या, मनाने खंबीर असलं की गुडघा काय चीज आहे! मालिशवाला म्हणाला, बघू. दोन मिनिटं गुडघा हातात धरून बसला आणि म्हणाला, "छान आहे की." इस्पितळातल्या माणसाला फसवायला गेलो मी.

सहा अडवले आज. कसे, विचारू नये.

२५ मार्च

दोन दिवस जेवण जात नाही. ही रोज काहीतरी विचारायच्या बेतात येते आणि परत जाते. मीही तसाच.

सांगायला पाहिजे. स्पर्धेच्या आधी सांगितलं तर बाई त्याला परत मधे घेतील. मला क्लबातून काढतील. काढू देत. पण सांगताना त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याला काय करावं? त्याला माझं तोंड दिसत नाही, हेच त्यातल्या त्यात बरं.

२८ मार्च

सांगितलं.

खेळानंतर त्याने मानेला हात लावला तेव्हा. पाठ त्याच्याकडे होती म्हणून जमलं. सगळं एका दमात बोलून टाकलं — सात नंबर, नाकापाशी फट, डाव्या डोळ्याचा कोपरा, निळा चेंडू. तू ज्याला माझे कान समजतोस ते हे आहे. ती शांततेची युक्तीसुद्धा थाप. मधे तू उभा राहा, मी बाईंना आत्ता सांगतो.

त्याचा अंगठा चालूच होता.

"माहीत आहे," म्हणाला.

 मग तोच सावकाश सांगत गेला. पहिल्या शनिवारीच कळलं म्हणे. ऐकणारा माणूस कान पुढे करतो, त्याची मान पुढे दुखते. माझी गाठ मागे होती, डावीकडे. अशी गाठ मान मागे टाकून नाकाखालून बघणाऱ्याला येते. इस्पितळात भिंती रंगवणारे येतात, छताखाली काम करणारे, त्यांना असते.

म्हटलं, मग बोलला का नाहीस? अकरा वर्षांची जागा गेली तुझी!

"बोलून काय झालं असतं? तुम्ही गेला असता आणि मास्तर परत आले असते."

आणि जागेचं मी मनावर घेऊ नये म्हणे. ती त्याने परवाच परत मागितली, बाईंकडे सरळ जाऊन. बाई हो म्हणाल्या. युक्ती थाप असेल नाहीतर नसेल, त्याला ती जमलीय. "तुमच्यापेक्षा बरी जमलीय, काका." मधे तो, उजवीकडे मी, डावीकडे वकीलसाहेब. उद्या सकाळी बाई सगळ्यांना सांगणार होत्या. म्हणजे मी चार रात्री तळमळून ज्या त्यागाची तयारी केली, तो आधीच उरकलेला होता!

हसू आलं. रडूही आलं. त्याने टॉवेल दिला, तेलकट.

मग म्हटलं, उजवीकडे तरी मी कशाला? परवा कापूस चिकटवला की मला काय दिसणार? माझा काय उपयोग?

त्याचे हात थांबले. म्हणाला, "म्हणजे? काका, तुमची मान तर कधीच मोकळी झाली. फेब्रुवारी संपता संपता गाठ विरली, परत आलीच नाही. आता उलट पुढे दुखते, आम्हा सगळ्यांसारखी. मी समजलो तुम्ही बघायचं सोडलंत."

मी काही सोडलं नव्हतं. शेवटच्या चेंडूपर्यंत बघतच होतो.

घरी कसा आलो आठवत नाही. हाताखालचं पान कुठे संपतं ते बोटाने शोधून लिहितोय.

२९ मार्च

सकाळी हिला विचारलं, खरं सांग, मार्कर फिका आहे का? हिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, पहिल्या दिवसापासून ठळक आहे. दुकानात ती गेलीच नव्हती. दोन्ही वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन, थोडी थांबून, तोच मार्कर पुसून परत घेऊन आली.

उद्या स्पर्धा. पंच डोळ्यांवर कापूस चिकटवणार. चिकटवू दे बिचाऱ्याला.